पहिली-दुसरीच्या वर्गातलं वाचनालय: पावत्या, ठराव आणि फाटकी पानं

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग एकत्र शिकवते. पट ३४. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात या वर्गात मुलांच्या हाताला येईल असं छोटं वाचनालय उभं केलं. पैसे किती लागले, कागद कुठले करावे लागले, कोण कुठं अडलं, हे आधी कुणाकडून तरी समजलं असतं तर माझी बरीच पायपीट वाचली असती. वाचनसंस्कृतीवर भाषणं भरपूर ऐकायला मिळतात, पावत्या कुणी दाखवत नाही. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

शाळेत पुस्तकं नव्हती असं मुळीच नाही. ऑफिसमधल्या लोखंडी कपाटात दाखल नोंदवहीप्रमाणे ४१२ पुस्तकं होती. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच म्हटलंय. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यूडायस प्लस या सरकारी प्रणालीच्या फॉर्मात पुस्तकांचा आकडा दरवर्षी भरला जातो. त्या हिशेबानं आमची शाळा पास होती. फक्त कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, ड्रॉवरमध्ये असायची आणि १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, ती बाहेर यायची. फोटो झाले की पुस्तकं परत आत.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी किल्ली मागितली. मोठ्या बाई म्हणाल्या, "बाई, न्या की. पण मला पुढच्या मे महिन्यात चार्ज द्यायचाय. यादीत चार पुस्तकं कमी भरली तर माझ्याकडं काही येणं नाही असा ना-देय दाखला अडकतो आणि त्याच्यामागं पेन्शनचे कागद अडकतात. तुम्ही सांगा, मी काय करू?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शाळांमधली पुस्तकं कुलपात का राहतात, याचं कारण शिक्षकांच्या अनास्थेत शोधायची आपल्याकडं पद्धत आहे. माझ्या मते खरं कारण जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, आहे. खुर्ची आणि गोष्टीचं पुस्तक एकाच मापानं मोजलं जातं. खुर्ची वीस वर्षं टिकावी ही अपेक्षा ठीक आहे. सहा वर्षांच्या मुलानं रोज हाताळलेलं चोवीस पानी पुस्तक दोन वर्षं टिकलं तरी खूप झालं.

तरीही मोठ्या बाईंनी कपाट उघडून दिलं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघींनी सगळी पुस्तकं व्हरांड्यात काढली आणि वेगळी करत बसलो. बारीक टाइपातली थोर पुरुषांची चरित्रं, सामान्य ज्ञान, निबंधमाला, एकाच कवितासंग्रहाच्या नऊ प्रती, आणि चार-पाच ठिकाणी वाळवीनं केलेलं नक्षीकाम. पहिली-दुसरीच्या मुलाला देता येतील अशी, म्हणजे मोठी चित्रं, ठळक अक्षर आणि पानावर दोन-चार ओळी असलेली, जेमतेम चाळीस निघाली. हे काम सगळ्यात आधी करा. पैसे मागायला गेल्यावर "चारशे पुस्तकं हाईत की तुमच्याकडं" हे पहिलं वाक्य कानावर येतं, आणि त्या वेळी हातात यादी असावी लागते.

अनुदानाचंही सांगून टाकते. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत आणि पहिली ते आठवीच्या शाळेला १३,००० रुपयांपर्यंत तरतूद धरलेली असते. ही कमाल मर्यादा. आमच्याकडं त्या वर्षी या नावाखाली रोख काही आलं नाही, म्हणून लोकसहभागाचा रस्ता धरला. तुमच्या शाळेला रक्कम येत असेल तर तिचा खर्च वेगळा ठेवा. दोन्ही पैसे एका बिलात घातले की लेखापरीक्षणाला तोंड देता देता नाकी नऊ येतात.

जुलैमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावायची होती. पण जुलैअखेर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि नदीकाठच्या वस्तीतली काही कुटुंबं आमच्याच शाळेत मुक्कामाला आली. वर्गात चुली नव्हत्या, पण चिरगुटं, धान्याची पोती, दोन शेळ्या एवढं सगळं होतं. पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. सगळी सभाच पुढं गेली. एक मात्र घडलं. संध्याकाळी कंटाळलेली पोरं बघून मी त्या चाळिसातली दहा-बारा पुस्तकं खाली काढून दिली. पावसाचा आवाज एवढा की मोठ्यानं वाचून दाखवणंही जमेना, तर मुलं नुसती चित्रं बघत बसली. एक आजी चित्रातल्या म्हशीवर बोट ठेवून नातवाला म्हणाली, "ही आपली मुऱ्हा न्हवं, पंढरपुरी हाय. शिंगं बघ." पुढं समितीच्या सभेत याच आजीच्या सुनेनं माझी बाजू लावून धरली.

सभा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. या समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. एरवी सभा म्हणजे सह्यांचं रजिस्टर. या वेळी खरी चर्चा झाली, कारण मी नुकसानीचा मुद्दा आधीच मांडला होता. पुस्तकं फाटणार, हरवणार, हे धरूनच चाला, असं मी म्हटल्यावर एक पालक म्हणाले, "मग आधीच नुकसान व्हतंय म्हणताय तर घेताय कशाला?" प्रश्न रास्त होता. त्यावर ग्रंथपाल असलेल्या माझ्या मैत्रिणीनं दिलेला एक कागद मी वाचून दाखवला. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये नियम २१५ आहे. वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते नुकसान वाजवी समजावं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असं तो सांगतो. हा नियम जिल्हा परिषदेला बंधनकारक नाही, हेही मी सांगितलं. पण सरकारलाही पुस्तक हरवतं हे मान्य आहे म्हटल्यावर खोलीतला ताण उतरला.

ठराव असा झाला: लोकसहभागातून आलेली पुस्तकं वेगळ्या नोंदवहीत दाखल करावीत. वापरामुळं फाटणं किंवा गहाळ होणं गृहीत धरून वर्षाला एकूण प्रतींच्या दहा टक्क्यांपर्यंतची घट समितीनं सभेत पाहून मंजूर करावी, त्याची वसुली विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांच्याकडून करू नये. सरकारी खर्चातून आलेली जुनी पुस्तकं मूळ नोंदवहीतच राहतील आणि त्यांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून कमी करणं, नेहमीच्या रीतीनं होईल.

ठरावाची प्रत घेऊन वरच्या कार्यालयात गेले. तिथं आधी "असा नमुना नाही" असं उत्तर मिळालं, मग "साहेब मीटिंगला आहेत", मग "ठेवून जा". ठेवून जाऊ नका. आवक क्रमांक टाकून पोच घ्या. मंजुरीचं पत्र मला शेवटपर्यंत मिळालं नाही, पण नामंजुरीचंही आलं नाही. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या आमच्या केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीच्या शेऱ्यात "ठराव पाहिला, लोकसहभाग नोंदवही स्वतंत्र ठेवावी" एवढं लिहून सही केली. मोठ्या बाईंना तेवढा आधार पुरला.

आता पैसे. ७ सप्टेंबरला गणपती बसले. गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी त्या वर्षी डॉल्बीवरचा थोडा खर्च वाचवून ५,००० रुपये दिले (डॉल्बी होतीच, आवाज थोडा कमी होता). दूध संस्थेनं ३,००० दिले, ते दिवाळीच्या फरक बिलाच्या (दुधाच्या दरातला फरक सभासदांना देतात त्या) वेळी देणार होते, सचिवांना गाठून आधी मागून घेतले. पालक आणि आम्ही शिक्षक मिळून ४,६००. पुण्यात नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं २,५००. एकूण १५,१००. रोख आलेली प्रत्येक रक्कम पावती फाडून समितीच्या खात्यात भरली, अगदी शंभराची नोटसुद्धा. गावात पैशाचा विषय फार नाजूक असतो. एक पावती चुकली की पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करत नाही.

"जुनी पुस्तकं द्या" असं आवाहन मात्र करू नका. आमच्या शेजारच्या एका शाळेनं केलं होतं, त्यांच्याकडं गाईड, जुन्या डायऱ्या, दिवाळी अंकांचे सुटे भाग आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा ढीग जमला. देणाऱ्याचं घर रिकामं होतं, शाळेचं भरतं. आम्ही पुस्तकांची यादी आणि किंमत लिहून फळ्यावर लावली: "हे पुस्तक ६५ रुपयांचं आहे, कुणाच्या वाढदिवसाला घेणार?" वाढदिवसाला चॉकलेटऐवजी पुस्तक द्यायची टूम वर्गात अशी सुरू झाली, आणि पुस्तकाच्या आतल्या पानावर मुलाचं नाव लागतं म्हणून पालकही खूश.

खरेदीला कोल्हापुरात गेले. महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड या भागात पुस्तकांची दुकानं आहेत, पण बालविभाग म्हणून जे समोर येतं ते बहुतेक चकचकीत कागदावरचं भडक रंगांचं आणि तात्पर्यानं संपणारं असतं. भाषा अशी की पहिलीतलं मूल सोडा, मलाच धाप लागावी. त्यामुळं दुकानदाराला एक स्टूल मागून घेतलं आणि प्रत्येक पुस्तकाची पहिली दोन पानं हळू आवाजात वाचत गेले. जीभ अडखळली की पुस्तक बाजूला. दुकानातला पोऱ्या आधी हसत होता, नंतर तोच आतून पुस्तकं आणून देऊ लागला.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, प्रथम बुक्सची पातळ चित्रपुस्तकं आणि पुण्या-मुंबईच्या दोन-तीन मराठी प्रकाशकांची चित्रपुस्तकं यांतून बहुतेक निवड झाली. काही मागवून घ्यावी लागली, त्याला तीन आठवडे गेले. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, म्हणजे श्रेय दिलं की उतरवून छापायला मोकळीक. वाचनपातळीप्रमाणे चार स्तर केलेले असतात, आपल्या वर्गासाठी पहिला आणि दुसरा बघायचा. छपाई फुकट नसते हे विसरू नका: रंगीत पानाला आमच्याकडं आठ रुपये पडले, म्हणून फक्त पंधरा गोष्टी रंगीत छापल्या आणि बाकीच्या मोबाइलवरून वाचून दाखवल्या. श्रेयाचं शेवटचं पान छापायचं राहू देऊ नका. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही मोफत वाचायला मिळतात. ते पहिलीसाठी जड आहेत, पण त्यातल्या कविता म्हणून दाखवायला उत्तम.

बिलाच्या दोन गोष्टी. मोठ्या बाईंनी तीन दरपत्रकं मागितली, ती सही-शिक्क्यासह आणली. लोकसहभागाच्या पैशाला लागतात का यावर वाद घालण्यापेक्षा आणून टाकलेली बरी. दुसरं, छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, मुलांच्या चित्रपुस्तकांवरही नाही. एका दरपत्रकात तो लावला होता, दाखवल्यावर काढला. बिलात "पुस्तके १२८ नग" असं लिहून घेऊ नका, प्रत्येक नाव, प्रती आणि किंमत लिहून घ्या. दाखल नोंदवही भरताना ते बिलच उपयोगी पडतं. १२८ प्रतींचे सवलत वजा जाता ८,९६० रुपये झाले.

मांडणीसाठी कपाट नकोच होतं. पुस्तकाचा कणा दिसून उपयोग नाही, सहा वर्षांचं मूल मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलतं. शिरोली एमआयडीसीत कामाला असलेल्या एका पालकांनी यंत्रांच्या पॅकिंगच्या लाकडी पट्ट्या आणून दिल्या. गावच्या सुतारानं त्यांचे तीन बुटके रॅक केले, उंची अडीच फूट, पुस्तक उभं तोंडासमोर राहील अशी खोबण आणि पुढं आडवी पट्टी. मजुरी १,६००, खिळे, पॉलिश पेपर, रंग यांचे १,२००. पॅकिंगच्या लाकडात बारीक कुसळं असतात, ती घासून घेतल्याशिवाय रंग देऊ देऊ नका. रॅक भिंतीपासून चार बोटं लांब ठेवले. आमच्या भिंतींना पावसात ओल येते आणि ओल आली की बुरशी, मग कसर, म्हणजे कागद खाणारी कीड. डांबर गोळ्या मी टाळल्या, लहान मुलं काहीही तोंडात घालतात. वाळलेला कडुलिंब आणि आठवड्याला एकदा उन्हं दाखवणं एवढ्यावर भागलं.

सतरंज्या ९००, टेप, दोरा आणि रंगीत टिकल्या ६४०, छपाई १,१५०. एकूण खर्च १४,४५०. उरलेले ६५० खात्यात ठेवले.

उद्घाटन १५ ऑक्टोबरला ठरलं होतं. मंडळानं फ्लेक्स छापला, त्यावर पुस्तकांपेक्षा माणसांचे फोटो जास्त. विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल म्हणून पाहुण्यांनी दोन दिवस आधीच अंग काढून घेतलं, आणि खरोखर त्याच दिवशी दुपारी निवडणूक जाहीर झाली. फ्लेक्स गुंडाळून ठेवला (मागची पांढरी बाजू आता पावसात रॅक झाकायला वापरतो). दुसरीतल्या मुलांनी पहिलीतल्यांचा हात धरून सतरंजीवर बसवलं आणि पुस्तकं खाली काढली. भाषण झालं नाही. नारळ मात्र फुटला, सुतारकाकांनी आणला होता.

पुढचा महिना हातातून गेला. दिवाळीची सुट्टी, निवडणुकीचं प्रशिक्षण, २० नोव्हेंबरचं मतदान. वर्गात मी निम्मे दिवस नव्हते. परत आले तेव्हा रॅकवर पुस्तकं उलटीपालटी होती, चारांची मुखपृष्ठं सुटली होती, आणि मुलांना कुठलं पुस्तक कुठं आहे ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत झालं होतं.

मुखपृष्ठं सुटली ती मुलांच्या हातानं नव्हे, पिनांमुळं. पातळ पुस्तकांना मधोमध दोन पिना मारलेल्या असतात. आमच्याकडच्या दमट हवेत त्या गंजतात, मग कागद तिथंच कुजतो. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा आयुष्यभर चपला शिवत आले. त्यांनी पिना उपसून मेण लावलेल्या दोऱ्यानं तीन टाके कसे घालायचे ते दाखवलं. "गाठ आतनं मार, पोरी. भाएर मारलीस तर पोरं उसवत बसतील," म्हणाले. आता नवीन पुस्तक आलं की आधी पिना काढून शिवतो, मग दाखल करतो. पिठाची खळ वापरू नका, कसर तिच्यावरच जगते. कणा आणि कोपऱ्यांना पारदर्शक रुंद टेप पुरते. लॅमिनेशनचा दर विचारून आले आणि नाद सोडला.

डिसेंबरपासून पुस्तकं घरी द्यायला सुरुवात केली. दर शनिवारी सकाळच्या शाळेत देवघेव, एका मुलाला एक पुस्तक, जुन्या साडीची शिवलेली पिशवी. देवघेव नोंदवही दुसरीतली दोन मुलं लिहायची, पुस्तकाचा क्रमांक आणि हजेरी क्रमांक एवढंच, म्हणजे त्यांनाही जमतं. पहिल्या शनिवारी चार पालक पुस्तक परत द्यायलाच आले. "बाई, हे फाटलं तर भरून घेणार न्हाईसा नव्हं? घरात बारकं हाय." मग ठरावातली ती ओळ मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावली आणि खाली समितीच्या अध्यक्षांची सही घेतली. माझ्या शब्दापेक्षा त्या सहीचं वजन जास्त पडलं.

याच सुमारास कारखान्याचा सीझन सुरू झाला आणि ऊसतोड कामगारांची पाच मुलं वर्गात आली. बीडकडची. घरात त्यातली तिघं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलायची, मराठी अक्षरओळख अर्धवट. त्यांच्यासाठी शब्द नसलेली चित्रपुस्तकं सगळ्यात कामाला आली. चित्र बघून एकानं आपल्या बोलीत गोष्ट सांगितली, दुसऱ्यानं मराठीत केली, आमची पोरं मध्ये मध्ये "मंग? पुढं?" करत राहिली. या मुलांना पुस्तक घरी, म्हणजे पालावर, द्यायचं का यावर शिक्षकांत मतभेद झाले. ती मार्चमध्ये निघून जाणार, पुस्तक परत येणार नाही, असं एकाचं म्हणणं. मी दिलं. वर्षाअखेर गहाळ निघालेल्यांतली दोन पुस्तकं त्या मुलांबरोबरच गेली असावीत. ठरावात दहा टक्के धरले होते ते असल्याच वेळेसाठी.

वाचनाबद्दल थोडं. परिपाठानंतर वीस मिनिटं मी मोठ्यानं वाचते, मग वीस मिनिटं ज्याला जे हवं ते. रंगीत टिकल्यांनी तीन पातळ्या केल्या होत्या: लाल, पिवळी, हिरवी. महिनाभरात मुलांनी त्यांची जात करून टाकली, "तू अजून लालवाला." टिकल्या मुखपृष्ठावरून काढून मागच्या बाजूला आतून लावल्या, माझ्यापुरत्या. वाचलेल्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहून आणायला सांगावं, असं एका प्रशिक्षणात सुचवलं होतं. तसं केल्यावर दोन आठवड्यांत मुलं सगळ्यात पातळ पुस्तक नेऊ लागली. बंद केलं. एकच पुस्तक एक मुलगा सलग पाच शनिवार नेत होता, त्यालाही अडवलं नाही. सहाव्या वेळी तो ते न बघता म्हणत होता आणि बोट बरोबर शब्दावर ठेवत होता.

मार्चअखेर मोजदाद केली. गहाळ आठ, दुरुस्तीपलीकडं फाटलेली अकरा, त्यांतलं एक म्हशीनं निम्मं खाल्लेलं. केंद्राच्या त्या नियमाच्या हिशेबात एवढी गहाळ चालली नसती, आम्ही त्याच्या पुढं गेलो. हातात नवी १२८, छापलेल्या १५ आणि वाढदिवसांची २७, म्हणजे १७० प्रती होत्या. दहा टक्क्यांनी सतरा होतात, आमचं नुकसान एकोणीस. समितीच्या एप्रिलच्या सभेत फाटकी पुस्तकं टेबलावर मांडली, हरवलेल्यांची यादी वाचली. दोन जास्त होती तर अध्यक्षांनी विचारलं, पुढच्या वर्षासाठी आकडा बारा टक्के करूया का. केला. फाटक्यांतली चित्रं कापून भिंतीवर लावायची परवानगीही त्याच ठरावात घेतली, नाहीतर तेही "साहित्याची मोडतोड" ठरलं असतं.

मोठ्या बाई ३१ मेला निवृत्त झाल्या. चार्ज यादीत जुनी ४१२ पुस्तकं जशीच्या तशी भरली, वाळवी लागलेल्यांचा निर्लेखन प्रस्ताव त्यांनी स्वतः लिहून पाठवला. लोकसहभागाची नोंदवही ठरावांसह वेगळी दिली. नवीन सरांनी दोन्हींवर सही केली, एवढंच विचारलं की एवढी लहान नोंदवही कशाला, मोठी आणायची नाही का.

उरलेल्या ६५० रुपयांचं काय करायचं ते मुलांनी ठरवलं. वर्गात विचारलं, कशावरचं पुस्तक हवं? फुटबॉल, जेसीबी, म्हैस आणि कुस्ती. फुटबॉलचं एक मिळालं. कुस्तीवरचं, पहिलीच्या मुलाला वाचता येईल असं, मला कुठल्याच दुकानात सापडलं नाही. तेव्हा गावच्या तालमीतल्या वस्तादांना विचारून आम्हीच करायला घेतलं: सोळा पानं, पानाला एक ओळ, चित्रं मुलांची. माती चाळणं, लंगोट वाळत घालणं, थंडाई, जोर, बैठका. वस्तादांनी मजकूर वाचून एकच दुरुस्ती केली. मुलांनी लिहिलं होतं, "पैलवान खूप खातो." त्यांनी खोडून लिहिलं, "पैलवान लवकर उठतो." पाच प्रती रंगीत छापल्या, दोऱ्यानं शिवल्या, आणि दाखल नोंदवहीत १७१ ते १७५ क्रमांकाला घेतल्या. किंमतीच्या रकान्यात छपाईचा खर्च लिहिला आहे, प्रत्येक प्रतीला १२८ रुपये.